किल्ली कमरेला, कुलूप काचेला

वर्षातून एकदाच निघणारा पॅनकेकचा तवा हाल्बेराने फळीवरून खाली काढला, त्याच्या फडक्याची गाठ सोडली, आणि तव्याच्या काळ्याभोर पोटात तिला थॉरचा हातोडा दिसला.

अंगठ्याएवढा. तांब्याचा, हिरवट पडलेला. निळ्या चिंधीत अर्धा गुंडाळलेला, दुपट्यातून बाळाने तोंड बाहेर काढावं तसा.

तिने फडकं पुन्हा घातलं. क्षणभर थांबून पुन्हा उघडलं. हातोडा तिथेच.

सकाळचे नऊ वाजत आले होते आणि बाहेर नुकतं कुठे फटफटत होतं. आज सूर्य परतायचा दिवस. ऑक्टोबरच्या अखेरीस तो हेस्तवीक गावाच्या दक्षिणेकडच्या डोंगराआड जातो, तो सतरा फेब्रुवारीला दुपारी सव्वा वाजता खिंडीतून डोकावतो. आधी चर्चच्या छपरावर, मग सभागृहाच्या पायऱ्यांवर, सगळी मिळून चार मिनिटं. त्या चार मिनिटांसाठी सगळं गाव सभागृहात जमतं, कॉफी पितं, साय आणि रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा भरलेले पॅनकेक खातं. हाल्बेरा एकटी राहायची. एकटीसाठी कोण पीठ भिजवत बसणार? म्हणून तिचा तवा सूर्याच्या दिवशीच काय तो चुलीवर चढायचा.

आणि आता तिला सगळं आठवलं. आठवण अशी आली, जणू कुणी मानगूट धरून तोंड फिरवलं.

सप्टेंबरचा शेवटचा दिवस. प्रवाशांची शेवटची बस गेली होती. गावच्या संग्रहालयात ‘जुनं स्वयंपाकघर’ मांडलं होतं, त्यासाठी तिने घरचा तवा नेला होता. काचेची पेटी पुसायची म्हणून तिने हातोडा चिंधीत घेतला आणि हात मोकळे असावेत म्हणून तव्यात ठेवला. काच पुसली, पेटीला कुलूप लावलं, तव्याला फडकं बांधलं, घरी आली. बस, एवढंच. एवढ्याशा विसरण्यावर पुढचं सगळं उभं राहिलं होतं.

एकवीस वर्षं त्या संग्रहालयाची किल्ली तिच्या कमरेला होती. दोन खोल्या, एक गल्ला, आणि मधोमध काचेच्या पेटीत हा हातोडा. पूर्वीच्या लोकांनी तो देवासाठी घडवला नव्हता, चोरासाठी घडवला होता. घरात चोरी झाली की कागदावर डोळा काढायचा, हातोड्याचं टोक त्यावर ठेवायचं, थॉरचं नाव घेऊन ठोका द्यायचा. चोर जिथे असेल तिथे त्याचा डोळा सुजतो, म्हणायचे.

उन्हाळ्यात बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना यातलं काही नको असे. ते सिनेमे पाहून आलेले असत. कुणाच्या गळ्यात रुप्याचा हातोडा, कुणाच्या दंडावर गोंदलेला, कुणाच्या सदऱ्यावर वीज पडत असलेला. त्यांना हवा असे लायक माणसाशिवाय कुणाला न उचलता येणारा, फेकला की हातात परत येणारा, मोटारीएवढा हातोडा. ते पेटीवर वाकत आणि म्हणत, “एवढासाच?”

पहिली काही वर्षं हाल्बेराला त्या ‘एवढासाच’ची लाज वाटायची. जणू तिनेच तो आखूड घडवला होता. मग तिने गल्ल्यावर रेझिनचे छोटे हातोडे ठेवले, किल्ल्यांना अडकवायचे. एक प्लास्टिकचा मोठा पिवळा हातोडा ठेवला, आपटला की ‘ची’ करणारा. तो हातात घेऊन ती गोष्ट सांगायची: एकदा खुद्द थॉरचा हातोडा राक्षसाने चोरला, आणि तो परत आणायला त्या दाढीवाल्या देवाला त्या राक्षसाची नवरी बनून, बुरखा घालून, किल्ल्यांचा जुडगा कमरेला बांधून सासरी जावं लागलं. इथे ती डोक्यावर फडकं ओढायची. पाहुणे पोट धरून हसायचे. लाज गेली आणि तिच्या जागी टाळ्या आल्या.

जानेवारीत राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलं. ‘देवाचा हातोडा, ताइतापासून पडद्यापर्यंत’ असं प्रदर्शन भरणार होतं. तुमचा हातोडा पाठवाल का? हाल्बेरा हरखून पेटी उघडायला गेली. कुलूप शाबूत, काच शाबूत, आत मखमलीवर हातोड्याच्या आकाराची फिकट खूण.

दाराला आणि पेटीला एकच किल्ली चाले, आणि अशा किल्ल्या दोनच होत्या. एक तिच्या कमरेला, दुसरी मुंदीकडे.

मुंदीचं पूर्ण नाव इंगीमुंदुर. चाळीस वर्षं बोटीवर इंजिनं सांभाळलेला, आता गावातली जुनी यंत्रं सांभाळणारा विधुर. संग्रहालय उबदार ठेवणारा बंब तोच बघायचा. मितभाषी इतका, की ‘बरं आहे’ म्हणायलासुद्धा त्याला दोन दिवस लागतात असं गाव म्हणायचं.

ही बातमी हाल्बेराने कुठे सांगितली? जिथे गाव सगळं सांगतं तिथे, पोहायच्या तलावाशेजारच्या कढत पाण्याच्या कुंडात. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या सात-आठ जणांत.

“म्हणजे चोर शोधायचा हातोडाच चोरीला गेला?” तलावाची व्यवस्था बघणारी ड्रीफा काठावर झाडू टेकून म्हणाली. “आता त्याला शोधायला दुसरा हातोडा आण, बाई!”

“आहे की एक पिवळा,” हाल्बेरा म्हणाली.

आणि संध्याकाळी संग्रहालयात पाच जणींनी कॉफी घेता घेता खरंच तो खेळ केला. पत्राच्या पाकिटावर डोळा काढला, हाल्बेराने डोक्यावर फडकं घेतलं, थॉरचं नाव घेतलं, प्लास्टिकचा हातोडा आपटला. ची!

“यानं प्लास्टिकचाच चोर सापडेल,” ड्रीफा म्हणाली, आणि हसून हसून कुणाची तरी कॉफी सांडली.

तिसऱ्या दिवशी मुंदी दुकानात आला तो उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून.

“काय झालं रे?” कुणीतरी विचारलं.

“लोखंडाचा कण गेला,” तो म्हणाला. “घासताना.” दूध घेतलं आणि गेला.

हाल्बेरा रांगेत मागेच उभी होती. ती काही बोलली नाही, हे ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली. तिने फक्त शेजारच्या ड्रीफाकडे बघितलं. भुवई जराशी उचलली. तेवढ्याने काम झालं.

पण खरं पाप पुढचं. जुन्या पंचांगातल्या थोर्री महिन्याची, ऐन थंडीतली गावजेवणं आली. त्या जेवणात कुजवलेला शार्क असतो, भाजलेली मेंढीची मुंडकी असतात, आणि सगळ्यांत खमंग असतात ती वर्षभरातल्या फजितींवर रचलेली कवनं. हेस्तवीकची कवनं हाल्बेराच रचायची. तिची आई रचायची, आईचा बाप रचायचा. चार चरण, यमक घट्ट, चरणाचरणात सारखी अक्षरं एकमेकांना हाका मारणारी. असं कवन एकदा तोंडात बसलं की निघत नाही. आजोबांनी एका कंजूस बोटमालकावर रचलेलं कवन गाव अजून गात होतं, बोटमालक जाऊन साठ वर्षं झाली तरी. हे हाल्बेराला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने रचलं:

*किल्ली कमरेला, कुलूप काचेला,*
*हातोडा कसा गं उडून गेला?*
*थॉरनं हाणला नेमका घाव,*
*मुंदीचा डोळा सुजून आला!*

सभागृह दणाणलं. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. तिसऱ्या वेळी टेबलं वाजू लागली. बोटमालक बाल्दविनने आपल्या ताटातल्या मुंडक्याचा डोळा काट्याने काढला आणि पलीकडच्या मुंदीच्या ताटात ठेवला. “घे मुंदी, एक जास्तीचा असू दे!”

मुंदी हसला. म्हणजे त्याच्या तोंडाने हसल्याचा आकार केला. मग त्याने काटा ताटाशेजारी सरळ ठेवला, खुर्ची आवाज न करता मागे सारली, खुंटीवरचा कोट घेतला.

हाल्बेराने त्याला दाराबाहेर जाताना पाहिलं. आणि लोकांनी चौथ्यांदा मागितलं म्हणून चौथ्यांदा गायली.

ते आज, तव्यासमोर उभं असताना, तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. ती चौथी वेळ.

तिने कोट चढवला, हातोडा चिंधीसकट खिशात घातला आणि संग्रहालयाकडे निघाली. बर्फ करकरत होतं. वाट फार लांब नव्हती, पण तेवढ्यात तिने एक अख्खी कहाणी रचली: मखमलीखाली फट होती, हातोडा त्यात घसरला होता, आज झाडताना मिळाला. कोण अविश्वास दाखवणार? मुंदीवरचा आळ जाईल, तिच्यावर काही येणार नाही, प्रदर्शनाला हातोडा जाईल, सगळ्यांचं भलं. पेटी उघडून तिने हातोडा त्याच्या फिकट खुणेवर ठेवला. अगदी नेमका बसला. कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली, आणि ओठांवर आपोआप आलं: किल्ली कमरेला, कुलूप काचेला...

ती तिथेच पेटीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. तिचं तोंड तापलं, कान तापले, मानेपर्यंत धग उतरली. एकटी होती, कुणी बघत नव्हतं, तरी तिने डोक्यावरची लोकरीची टोपी खाली ओढली. थॉरच्या नवरीने बुरखा ओढावा तशी. ती गोष्ट तिने एकवीस वर्षं हसवायला सांगितली होती. बुरख्याआडचा देव तेव्हा कसा बसला असेल, खाली बघत, चेहरा पेटलेला, हे तिने कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

तिने पेटी परत उघडली, हातोडा खिशात टाकला. गल्ल्यावरचं एक पाकीट घेतलं, पेन्सिल घेतली, अर्धा तास खाडाखोड केली. मग बंदराकडे गेली.

मुंदीचं घर बंदराच्या कडेला, लाल पत्र्याचं. त्याने दार उघडलं. पट्टी अजून होती, आणि पट्टीखालचा गाल पिवळा पडला होता.

“हातोडा सापडला,” हाल्बेरा म्हणाली.

“कुणाच्या घरात?”

“माझ्या.” तिने खिशातून काढून तळहातावर धरला. “तव्यात होता. मीच ठेवला होता. सप्टेंबरात.”

मुंदीने एका डोळ्याने हातोड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. आतून घड्याळाची टिकटिक येत होती.

“पॅनकेकच्या तव्यात?”

“हो.”

“हं.” तो आत वळला. दार लावलं नाही, ये असंही म्हणाला नाही. ती मागोमाग गेली. टेबलावर खोललेला पंप पसरला होता.

“मुंदी, बोल ना काहीतरी. शिव्या दे मला.”

“शिव्या दिल्या की तुला बरं वाटेल,” तो खुर्चीवर बसत म्हणाला. “म्हणून नाही देत.”

ती उभीच राहिली. बसावं कसं, तेही कळेना.

“डोळा कसा आहे?”

“डॉक्टर मंगळवारी येतो, पलीकडच्या खाडीत. पहिल्या मंगळवारी गेलो. कण काढला त्यानं. म्हणाला, दर मंगळवारी दाखवायला ये, आत जखम आहे.” त्याने पंपाची एक चकती उचलली, उजेडात धरली. “मग तुमचं जेवण झालं. दुसऱ्या मंगळवारी गेलो तर बाकावरच्या दोघी गुणगुणत होत्या. माझ्याकडे बघून गप्प झाल्या. मी परत आलो. काल पण मंगळवार होता. नाही गेलो.”

“दोन मंगळवार?”

“दोन.”

हाल्बेराला वाटलं, याने शिवी दिली असती तर किती हलकं गेलं असतं. तिने पाकीट काढलं. “मी आज सूर्याच्या कॉफीला सगळ्यांसमोर सांगणार आहे. कवन करून. त्याच चालीवर. म्हणजे जुनं पुसलं जाईल. ऐक.” आणि तिने वाचलं:

*किल्ली कमरेला, कुलूप काचेला,*
*हातोडा तव्यात निजून गेला;*
*करा मला क्षमा, लाजते मी फार,*
*दोष नव्हता हो मुंदीचा याला.*

मुंदी चकती पुसत राहिला. मग म्हणाला, “तिसरा चरण लंगडा आहे.”

“काय?”

“लंगडा. आणि चौथा तर रडका. ‘लाजते मी फार’! हे कोण गाणार? बाल्दविन गाईल? बोटीवर जाळं ओढताना?” त्याने चकती खाली ठेवली. “हेस्तवीक दुसऱ्याची फजिती गातं, हाल्बेरा. माफी नाही गात. पुसायचंय ना तुला? मग हसू दे त्यांना. माझ्यावर हसले तसं.”

“मला सुचत नाही, मुंदी. सकाळपासून...”

“माझ्यावर बरं सुचलं.”

तो खिडकीबाहेर बघत होता, उजेड टोचत असल्यासारखा एक डोळा बारीक करून. ओठ हलत होते, बोटं टेबलावर मात्रा मोजत होती. चाळीस वर्षं इंजिनाचे ठोके ऐकलेला माणूस तो.

“‘धड दोन डोळे हाल्बेराचे गं,’” तो म्हणाला. थांबला. “‘चोर घरातला दिसेना तिला.’”

हाल्बेराने ते पाकिटावर उतरवून घेतलं. दोन्ही चरण चोख होते. तिच्या स्वतःच्या कवनापेक्षा चोख.

“मी माफ केलं असं समजू नकोस,” मुंदी म्हणाला. “लंगडा चरण ऐकवत नाही मला, एवढंच. जा आता. आणि तवा धुतला नाहीस ना?”

“नाही.”

“धुवू नकोस. बिघडतो.”

एक वाजता ती सभागृहात शिरली ती पॅनकेकविना तवा दोन्ही हातांत धरून. आत कॉफीचा, तापल्या लोण्याचा वास भरला होता. लांब टेबलांवर पॅनकेकच्या चळती.

“अगं, आणि तुझे पॅनकेक?” ड्रीफा ओरडली. “सूर्याला काय नुसता तवा दाखवतेस?”

हाल्बेराने तवा पुढच्या टेबलावर ठेवला, तिरपा केला. हातोडा घरंगळत कडेला आला आणि लोखंडावर टण्णकन वाजला. जवळचे गप्प झाले, मग त्यांच्या मागचे, मग सगळे.

तिने गायला सुरुवात केली. पहिल्या चरणाला दोघा-तिघांनी सवयीने सूर धरला, हसत. त्यांना वाटलं, जुनंच. दुसऱ्या चरणाला ते थबकले. तिसऱ्याला तिचा आवाज फाटला, पण तिने तो पुढे रेटला, खाली न बघता.

*धड दोन डोळे हाल्बेराचे गं,*
*चोर घरातला दिसेना तिला!*

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं.

मग ड्रीफाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खदाखदा. “तव्यात! अरे देवा, तव्यात! आणि आम्ही पाकिटावर डोळे काढतोय!” आणि मग सगळं सभागृह. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण! हाल्बेराने हे हसू कित्येक वर्षं पिकवलं होतं, पण ते अंगावर घेतल्यावर कसं लागतं, हे तिला आज कळत होतं. मेंढरासारखं डोकं खाली घालून पळावंसं वाटतं. ती पळाली नाही. तिने चार वेळा गायलं. मुद्दाम चार. बाल्दविन तेवढा हसत नव्हता. तो आपल्या बशीतल्या पॅनकेकची कड बोटाने दुमडत होता, पुन्हा उलगडत होता.

“आला, आला!” दाराशी कुणीतरी ओरडलं, आणि सगळे कप हातात घेऊन पायऱ्यांवर धावले. चर्चचं छप्पर पेटल्यासारखं झालं होतं. लोक डोळे मिटून तोंडं वर करून उभे राहिले. हाल्बेरा उन्हाकडे पाठ करून उभी होती. तिथून बंदर दिसत होतं. खाली ऊन पोचायला अजून आठवडा होता; लाल पत्र्याच्या घराचा पडदा ओढलेला होता.

पुढच्या मंगळवारी मुंदीला पलीकडच्या खाडीत बाल्दविनने स्वतःच्या गाडीतून नेलं. जाताना-येताना दोघं एक शब्द बोलले नाहीत म्हणे. डॉक्टर म्हणाला, डोळा राहील, पण त्यातलं धुकं जाणार नाही. लवकर आला असतात तर कदाचित.

हातोडा राजधानीला गेला. हाल्बेराने सोबतच्या चिठ्ठीत सगळं लिहून पाठवलं, तवा, पट्टी, स्वतःचं नाव. तिकडच्यांनी कळवलं, जागा कमी आहे, ‘तांबे, चोरशोधनासाठी’ एवढंच लावतो. फोटोही पाठवला: सिनेमातल्यासारख्या मोठ्या फोमच्या हातोड्याशेजारी, पेटीच्या कोपऱ्यात, एवढासाच.

मे महिन्यात एका दुपारी ती कढत पाण्याच्या कुंडात बसली होती. ऊन आता भरपूर होतं. मुंदी आला, तिच्या समोरच्या कडेला उतरला. “बरं आहे,” तो म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. ती थोडी बाजूला सरकली, खरं तर जागा भरपूर होती.

ड्रीफा काठावर झाडत होती. झाडूच्या तालावर तिने सहज सूर लावला:

“किल्ली कमरेला, कुलूप काचेला...”

पहिला चरण दोन्ही कवनांचा एकच होता. त्याच चालीवर, त्याच शब्दांत. हे हाल्बेराला त्या दिवशी सुचलं नव्हतं, आणि आता दर वेळी, दुकानात, बंदरावर, शाळेच्या कुंपणापाशी, पहिल्या चरणानंतर तिला थांबावं लागायचं, पुढे हातोडा उडून जातो की निजून, हे ऐकायला. गावात दोन्ही गात होते. खरं सांगायचं तर पहिलं जरा जास्त.

ड्रीफाने दुसऱ्या चरणाआधी झाडू थांबवला, वाकून पाण्यात पडलेलं पान उचलू लागली.

हाल्बेरा हनुवटीपर्यंत पाण्यात बुडाली आणि श्वास धरून बसली. समोर मुंदीनेही मान जराशी ड्रीफाकडे वळवली होती, चांगल्या डोळ्याच्या बाजूने.